आजारपणाचा खर्च: ओळखीने की हक्काने?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) घरातल्या कोणाला आरोग्य विम्याचे किंवा एखाद्या आरोग्य योजनेचे संरक्षण आहे का, हे विचारले गेले. देशात ४१ टक्के कुटुंबांनी ‘आहे’ असे सांगितले. राजस्थानात हे प्रमाण ८० टक्क्यांच्याही वर गेले. महाराष्ट्रात मात्र साधारण पाचांतल्या एका कुटुंबानेच होकार दिला. हा आकडा कोड्यात टाकतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेली सव्वादोन कोटींच्या आसपास कुटुंबे तिच्यात बसत होती आणि हप्ता राज्य सरकार भरत होते. म्हणजे सर्वेक्षणात ‘नाही’ म्हणणारी बहुतेक घरे कागदावर विम्याचे संरक्षण असलेली घरे होती.

लोकांना माहिती नसते, असे म्हणून हे कोडे सहसा सोडून दिले जाते, आणि मग जनजागृतीच्या मोहिमा निघतात. पण या योजनेची रचना पाहिली तर वेगळे कारण दिसते. तिच्यात नाव नोंदवावे लागत नव्हते, पैसे भरावे लागत नव्हते, हातात काही पडत नव्हते. योजनेशी पहिली गाठ पडायची ती रुग्ण खाटेवर पडल्यावर. रुग्णालयातल्या टेबलापाशी बसलेला आरोग्यमित्र रेशनकार्ड मागतो, आजार उपचारांच्या यादीत बसतो का ते पाहतो, मग मंजुरीसाठी अर्ज जातो. यादीत बसला तर उपचार मोफत. नाही बसला, किंवा ते रुग्णालयच योजनेत नसले, तर नातेवाइकांची पैशांसाठी धावाधाव. यांतले आपल्या वाट्याला काय येणार, हे कुटुंबाला आधी कळण्याची सोय नाही. ज्याचा आधी भरवसा धरता येत नाही ते ‘आपल्याकडे आहे’ असे कोणी सांगत नाही. त्या घरांनी दिलेले उत्तर त्यांच्या अनुभवाशी प्रामाणिक होते.

आजारपणाचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न भारतात स्वातंत्र्याच्या आधीच मांडला गेला होता. जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व ठेवले आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या आरोग्य केंद्रांची देशव्यापी साखळी सुचवली. प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच विचारातून उभी राहिली. पैसा मात्र त्या मापाने कधी आला नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक थेट खिशातून करत होते. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा खरी आहे. तरीही सरकारी खर्च त्या वर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ साठी ठेवलेले लक्ष्य होते अडीच टक्के.

खिशातून जाणाऱ्या या पैशाचा मोठा भाग औषधांवर आणि बाह्यरुग्ण विभागातल्या तपासण्यांवर जातो. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या किराण्यासारख्या नेमाने आणाव्या लागतात, आणि बहुतेक विमा योजना नेमक्या इथेच हात आखडतात, कारण त्या रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी असतात. योजना खूप आहेत पण आपल्याला कधी उपयोग झाला नाही, ही गावोगाव ऐकू येणारी तक्रार बरीचशी इथून येते.

मोठे आजारपण आले की महाराष्ट्रातले कुटुंब काय करते, याचा क्रम ठरलेला आहे. आधी शिल्लक, मग सोने गहाण, मग भाऊबंद आणि सावकार. आणि या सगळ्याच्या जोडीने पत्र. नगरसेवकाचे पत्र, आमदाराचे पत्र, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, देवस्थानांच्या आणि खासगी ट्रस्टांच्या मदतीचे अर्ज. शहरातल्या कोणत्याही मोठ्या धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा विभागाच्या दाराशी अशी कागदांची पिशवी घेऊन बसलेली माणसे दिसतात. पिशवीत उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, डॉक्टरांनी लिहून दिलेले खर्चाचे अंदाजपत्रक आणि सगळ्यांत वर, चुरगळू नये म्हणून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलेले, लोकप्रतिनिधीचे पत्र.

या पत्राची खरे तर गरजच पडायला नको. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात द्यायच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या रकमेतून २ टक्के निधी वेगळा ठेवायचा आहे. तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घेणे याच योजनेत बंधनकारक आहे. ही रुग्णालये करांत आणि अन्य बाबतींत सवलती घेतात. त्या बदल्यात हे कर्तव्य आहे. तरी ही खाट मिळवायला माणसे शिफारस शोधतात आणि मिळाल्यावर शिफारस करणाऱ्याचे आभार मानतात. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका महिलेच्या बाळंतपणातल्या मृत्यूनंतर अनामत रकमेच्या मागणीवरून लोकक्षोभ उसळला, तेव्हा ही तरतूद जवळजवळ वीस वर्षे अस्तित्वात आहे, हे अनेकांना पहिल्यांदाच कळले. कायद्याने दिलेली गोष्ट ओळखीने मागावी लागणे, हे महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेचे सगळ्यांत जुने दुखणे आहे. ते अंगवळणी पडल्यामुळे नवी कोणतीही योजना आली तरी लोक तिच्याकडे ‘कोणाच्या ओळखीने मिळेल’ याच नजरेने पाहतात.

मध्यमवर्गाची वाट वेगळी झाली ती १९८६ पासून, सार्वजनिक क्षेत्रातल्या विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणल्यावर. खासगी कंपन्या २००० नंतर आल्या. आयकरातली सवलत हे पॉलिसी घेण्याचे एक मोठे कारण राहिले, म्हणून मार्च महिन्यात खरेदी आणि पुढच्या मार्चपर्यंत विस्मरण, असा तिचा प्रवास झाला. ‘वर्षभर काही झाले नाही, म्हणजे हप्ता फुकट गेला,’ ही भावना आयुर्विम्याच्या सवयीतूनही आली आहे. तिथे मुदत संपली की बहुतेकांना काही रक्कम परत मिळे. इथे तसे काही नसते.

पण विम्याविषयीचा खरा कडवटपणा क्लेमच्या दिवशी तयार होतो. एक उदाहरण पुरेसे आहे. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये आहे. रुग्णालयात त्या दराची खोली रिकामी नसते, म्हणून कुटुंब ८,००० रुपयांची खोली घेते. रोजचे तीन हजार आपल्याला भरावे लागतील, एवढा हिशेब घरच्यांनी केलेला असतो. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा आकार असे खोलीच्या श्रेणीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच भागच, मंजूर होतात. हे खर्च १,६०,००० रुपये असतील तर कंपनी १,००,००० देते आणि ६०,००० घरून आणावे लागतात. त्यावर हातमोजे, कागदपत्रांचे शुल्क अशा ‘न मिळणाऱ्या’ बाबी वेगळ्या. ही अट पॉलिसीत छापलेली असते, आणि ती विकताना क्वचितच कोणी समजावून सांगितलेली असते. डॉक्टरांनी सकाळी घरी जायला सांगितलेला रुग्ण मंजुरीची वाट पाहत संध्याकाळपर्यंत खाटेवर बसून राहतो, तेव्हा कंपनी आणि रुग्णालय एकमेकांकडे बोट दाखवतात. अशा एका दिवसाची हकीकत दहा घरांत पोचते.

विमा नियामकाने २०२४ मध्ये यांतल्या बऱ्याच गोष्टींना हात घातला. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा कमाल काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू असेल तर माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येणार नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. कॅशलेस विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा, असा नियम झाला. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्यावर आला. हे सगळे चांगले आहे. हप्ता मात्र वयाबरोबर वाढतच जातो, आणि निवृत्तीनंतर, म्हणजे गरज सर्वांत जास्त असताना, अनेकांना तो झेपेनासा होऊन पॉलिसी सोडून द्यावी लागते. केंद्राने ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत घेतले ते या पोकळीसाठीच.

मध्यमवर्ग मेडिक्लेमकडे वळल्याचा आणखी एक परिणाम झाला, त्याची चर्चा फार होत नाही. केईएम, जे. जे., ससून, जिल्ह्याजिल्ह्यांतली सिव्हिल हॉस्पिटले यांच्याशी शिकल्यासवरलेल्या, वृत्तपत्रांत लिहिणाऱ्या, अधिकाऱ्यांना जाब विचारू शकणाऱ्या वर्गाचा रोजचा संबंध तुटला. तिथे औषध बाहेरून आणायला सांगितले किंवा सोनोग्राफीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, तर ज्याला सोसावे लागते त्याचा आवाज पोचत नाही, आणि ज्याचा आवाज पोचतो तो तिथे जात नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारांपर्यंत सर्व मोफत झाले; एवढा मोठा निर्णय शहरी मध्यमवर्गाच्या बोलण्यात जवळजवळ आलाच नाही.

लोक विम्याला नाखूश असतात, या समजुतीला महाराष्ट्रातच एक भक्कम उत्तर आहे. वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत ‘जवार योजना’ उभी केली. सुगीच्या वेळी, हातात धान्य असताना, प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त, भूमिहीन मजुराचा कमी. गावातल्या किमान तीन चतुर्थांश घरांनी भाग घेतला तरच ते गाव योजनेत घेतले जाई, म्हणजे फक्त आजारी माणसांची घरे आत येऊन निधी कोलमडण्याचा धोका टळे. अवचित आलेल्या आजारासाठी रुग्णालयात भरती झाल्यास उपचार मोफत. मोतीबिंदूसारख्या, आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी सवलत. गावचा आरोग्यसेवक याच गोळा झालेल्या वर्गणीतून काम करी.

या रचनेतली प्रत्येक गोष्ट शेतकऱ्याला समजणारी होती. किती द्यायचे, कधी द्यायचे, त्या बदल्यात काय मिळणार आणि काय नाही, हे गावसभेत ठरत होते. वर्षभर घरात कोणी आजारी पडले नाही तर ज्वारी कोणाच्या कामी आली, हेही दिसत होते, कारण तो माणूस त्याच गावातला होता. हातावर पोट असलेली माणसे न आलेल्या आजारासाठी आधी वाटा द्यायला तयार होतात, हे विदर्भातल्या या खेड्यांनी खासगी विमा कंपन्या बाजारात उतरण्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले. मात्र अशी योजना विश्वासाच्या एका रुग्णालयाभोवतीच उभी राहू शकते. सेवाग्रामला ते रुग्णालय होते आणि त्याचे दर नफ्यासाठी ठरत नव्हते.

गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत (२०१६) जवार योजनेचा थोडा अंश दिसतो. पाच वर्षांहून अधिक काळ राज्यात राहणारे, गरीब-श्रीमंत कोणीही, वर्षाला दोन-तीनशे रुपये भरून कार्ड काढतात; लहान कुटुंबाला अडीच लाखांचे आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते. पैसे थोडे, पण भरलेले, कार्ड हातात.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये फुले योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा आणि पांढऱ्या रेशनकार्डासह सर्व कुटुंबांना तिच्यात सामावण्याचा निर्णय घेतला. जुलै २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. कागदावर हे सार्वत्रिक संरक्षण आहे. रुग्णालयांची तक्रार अशी की पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा मिळतात. छोट्या नर्सिंग होमच्या बाबतीत ही तक्रार खरी आहे. दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला सहा महिने थकलेली रक्कम सोसत नाही. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर संपावर गेले, त्यामागेही पैसे कोण आणि कधी देणार, ही भीती होती. तक्रारीचे ओझे मात्र शेवटी रुग्णावर येते. ‘हे योजनेत बसत नाही’ म्हणून वरचे पैसे मागितले जातात, आणि मोफत शब्दावरचा लोकांचा विश्वास आणखी थोडा उडतो.

म्हणून आरोग्यसुधारणेचा प्रश्न फिरून दरांपाशी येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साधा स्टेंट ७,२६० रुपये, औषधी थर असलेला २९,६०० रुपये. त्याआधी औषधी थराच्या स्टेंटसाठी रुग्ण लाखाच्या वर मोजत होते. मे २०२० मध्ये कोविडच्या साथीत राज्य सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले: विलगीकरणातल्या खाटेला रोज ४,०००, व्हेंटिलेटरविना अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पळवाटा निघाल्या, जादा बिलांच्या तक्रारी झाल्या, आणि लेखापरीक्षणानंतर काही रुग्णांना पैसे परतही मिळाले. बिल तपासायला मागता येते, ही गोष्ट हजारो कुटुंबे त्या वर्षी शिकली.

नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या २०२१ च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे महाराष्ट्रातल्या रुग्णालयांना बंधनकारक केले. दरपत्रक लावायचे, दर किती असावेत, यावर बंधन नाही. रुग्ण पाठवण्याच्या बदल्यात कमिशन घेण्याच्या ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध २०१७ मध्ये तयार झालेल्या मसुद्याचा कायदा झाला नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्याखालच्या २०१२ च्या नियमांत उपचारांचे दर ठराविक मर्यादेत ठेवण्याची तरतूद आहे, पण तो स्वीकारलेल्या राज्यांतही ते दर ठरलेले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला राज्यांशी बोलून ते ठरवायला सांगितले, आणि तसे झाले नाही तर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे दर तात्पुरते लागू करण्याचा विचार करू, असेही सुनावले.