तिरल्याहून दिसणारी कंपनी

मोठ्या कंपनीच्या बाह्य पर्यावरणाचे विश्लेषण शिकवताना फळ्यावर मधोमध एक वर्तुळ काढतात. वर्तुळात कंपनी आणि भोवती सहा कप्पे: राजकारण, अर्थकारण, समाज, तंत्रज्ञान, निसर्ग आणि कायदा. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस अग्विलार यांनी १९६७ साली यांतल्या चार घटकांची मांडणी केली, पुढे त्यात भर पडत गेली. ही चौकट उपयोगाची आहे, याबद्दल शंका नाही. पण ती कोणी आणि कुठे उभे राहून भरायची, हा प्रश्न मला तिच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि तो मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात जितका स्पष्ट दिसतो, तितका पुण्या-मुंबईच्या सभागृहांत दिसत नाही.

धारच्या पवारांच्या या जुन्या संस्थानी मुलखाला आज दोन टोके आहेत. पूर्वेकडे, इंदूरला लागून, पीथमपूर: आयशर, फोर्स मोटर्स आणि अशा कितीतरी कारखान्यांची वसाहत. पश्चिमेला, अहमदाबादच्या रस्त्यावर, तिरला: भिल्ल-भिलालांची गावे, सोयाबीन-मक्याची शेती, आणि कापणी आटोपली की गुजरातच्या वाटेला लागणारी माणसे. जिल्हा एकच, पण कारखान्याकडून दिसणारे ‘बाहेर’ आणि तिरल्याहून दिसणारे ‘बाहेर’ यांत फार अंतर आहे.

आधी कारखान्याच्या बाजूने पाहू. १९८४ साली पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आल्या आणि कायनेटिक होंडाचा कारखाना पीथमपूरला उभा राहिला. पुण्याची कंपनी माळव्यात आली, कारण धारची नोंद मागास जिल्हा अशी होती आणि मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सवलती होत्या. सरकारने परदेशी भागीदारीचे दार किलकिले केले होते आणि स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत होते. बटन दाबले की सुरू होणारी, गिअर नसलेली ही स्कूटर मुली-बायकांनी सहज आपलीशी केली. राजकारण, अर्थकारण, तंत्रज्ञान आणि समाज असे चारही वारे एकाच दिशेने वाहत होते.

ते फिरलेही तितक्याच झपाट्याने. १९९१ नंतर परवान्यांचा काळ संपला. १९९६ आणि २००० मध्ये धुराचे निकष कडक झाले आणि टू-स्ट्रोक इंजिनांचे दिवस भरले. गिऱ्हाईक जास्त ॲव्हरेज देणाऱ्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलीकडे वळले. १९९८ मध्ये होंडा या भागीदारीतून बाहेर पडली. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकींचा व्यवसाय महिंद्राकडे गेला. स्कूटरचा जमाना संपला, असे नव्वदीच्या अखेरीसच जाणकार म्हणत होते. पण तीच होंडा २००१ मध्ये ॲक्टिव्हा घेऊन आली आणि स्कूटरला पुन्हा मागणी आली. हीरो या दुसऱ्या भागीदाराशी झालेल्या समझोत्यामुळे २००४ पर्यंत होंडाला स्वतंत्रपणे मोटारसायकल बनवता येत नव्हती, म्हणून तिने स्कूटरकडे लक्ष दिले. कायद्याच्या कप्प्यातली अडचण बाजाराच्या कप्प्यात संधी ठरली. सहा कप्पे वेगवेगळे भरून हे कळत नाही. ते एकमेकांत कसे मुरतात, हे ज्याला ओळखता येते, त्याचेच विश्लेषण खरे.

आता तिरल्याकडून पाहू. इथला शेतकरी सोयाबीन पेरतो, तेव्हा त्यालाही बाह्य पर्यावरण वाचावे लागते. पाऊस लांबला तर काय, मजूर गुजरातला गेले तर काय, आणि सगळ्यांत मोठे म्हणजे भाव काय मिळेल. तो भाव मंडीत कळतो, पण ठरतो दुसरीकडेच. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले, मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे पुन्हा कमी केले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मंडीत माल त्याच्या खाली जात होता.

तेल गाळणारी मोठी कंपनीसुद्धा या शुल्काच्या वाऱ्यावरच चालते. पण तिची संघटना आहे, तिचे निवेदन मंत्रालयात पोहोचते. शेतकऱ्याने आवाज उठवायचा तर रस्त्यावर उतरावे लागते. दोघांच्या भोवतालात मूळ फरक आहे तो इथे. मोठी कंपनी वाऱ्याची दिशा नुसती ओळखत नाही, ती बदलायलाही हात लावते. सवलती मागते, निकषांच्या तारखा पुढे ढकलून घेते. अशा कंपनीने स्वतःला नुसती परिस्थितीशी जुळवून घेणारी म्हणवणे प्रामाणिकपणाचे नाही. तिरल्यासारख्या गावांसाठी कंपनी हीच परिस्थिती असते.

याचा सर्वांत कडू दाखला याच जिल्ह्यात आहे. १९८४ हेच भोपाळच्या वायुदुर्घटनेचेही वर्ष. ती जिथे घडली, तो युनियन कार्बाइडचा कारखाना बंद पडला, कंपनी दुसरीच्या पोटात गेली, पण तिचा विषारी कचरा राहिला. जानेवारी २०२५ मध्ये त्यातला ३३७ टन कचरा बारा कंटेनरांतून जाळण्यासाठी पीथमपूरला आणला. लोक रस्त्यावर उतरले, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि जूनअखेर तो कचरा जाळून संपला. तांत्रिक बाजू तज्ज्ञांनी तपासली असेल. पण ज्यांच्या गावात भट्टी, त्यांना आधी विश्वासात घ्यावे, हे सुचायला आंदोलन का लागावे? कंपनीच्या कागदावर समाज हा ‘विरोधाचा धोका’ म्हणूनच येतो, म्हणून.

धारचा मोठा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रात, मोडतो. इथल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने जमिनीच्या प्रश्नावर बोलण्याचा हक्क दिला आहे. सल्लागारांच्या अहवालात ही ग्रामसभा ‘परवानगीला लागणारा वेळ’ म्हणून येते. माझ्या मते कंपनीला तिच्या भोवतालाबद्दल सर्वांत खरी माहिती तिथेच मिळू शकते: विहिरींचे पाणी कुठे उतरले, नाला कोणत्या महिन्यात वाहतो, कोणाच्या घरातला माणूस बाहेरगावी आहे. गावाचे ऐकून, त्याला पटवून पुढे जाण्याचा धडा उद्योगाला नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत. त्यांना अडाणी ठरवून नांगर खपला नसता, त्यांच्या शेतातच त्यांना पटवावे लागले.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी याच जिल्ह्यात भैंसोला इथे २,००० एकरांहून मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली. तिथे येणाऱ्या कंपन्यांचे सहा कप्पे भरणे सुरूच असेल. त्यांनी समाजाचा कप्पा सर्वांत आधी आणि गावात बसून भरावा. सवलती संपतात, तंत्र जुने होते, भागीदार निघून जातात. पीथमपूरने हे एका पिढीत पाहिले. ज्या कंपनीचा शेजारी तिला आपली मानतो, तिच्या बाजूने वारा फिरल्यावरही कोणीतरी उभे राहते. ज्यांना ‘बाहेरचे’ म्हणून कागदावर नोंदवले, ते का उभे राहतील?