एलीयाची झोप

शास्त्रभाग : १ राजे १९:१–८



कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून अग्नी उतरला, तोच एलीया लवकरच रानात रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. या भागावर बोलताना आम्ही उपदेशक होरेबावरच्या मंद वाणीकडे धाव घेतो आणि झुडूप घाईने ओलांडतो. परंतु तेथे देवाने काय केले ते पाहा. त्याने आपल्या खचलेल्या सेवकास दोष दिला नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने उठवून भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला, तेव्हा पुन्हा निजू दिले. दुसऱ्यांदा उठून खाल्ल्यावर तो चाळीस दिवस व चाळीस रात्री चालला. तू येथे का आलास, हे देवाने त्याला विचारले ते त्यानंतर.

हा क्रम न समजल्यामुळे मी भाईंदर येथे एका तरुणाचा अपराध केला.

मुंबईच्या उत्तरेस वसईच्या खाडीलगत मिठागरे, भातशेती व कोळीवाडे यांची जी गावे होती, त्यांचे आज शहर झाले आहे. २००२ साली तेथे मिरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली. भाईंदर पूर्वेस स्टीलची भांडी करणारे पुष्कळ लहान कारखाने आहेत, आणि आपल्या खेड्यांतील मुले पोटासाठी तिकडे जातात. हा तरुण एका खेड्यातील उपदेशकाचा मुलगा. रविवारच्या उपासनेस तो येई, मागच्या बाकावर बसे, आणि पहिले गीत संपण्यापूर्वी त्याची मान खाली जाई. एके रविवारी मी व्यासपीठावरून गेथशेमानेतील निद्रिस्त शिष्यांचा दाखला दिला व त्याच्याकडे बोट दाखविले. लोक हसले. तो उठून गेला आणि पुढे दोन महिने आला नाही.

शेवटी मी भर दुपारी त्याच्या खोलीवर गेलो. पत्र्याचे छप्पर, खाली सहा माणसे, अंथरुणे तीन. एकाची पाळी संपली की दुसऱ्याने उठून जागा द्यावयाची. तो रात्री आठ ते सकाळी आठ यंत्रापुढे उभा राही, दहाला निजे आणि दोनला उठे. रविवारी तो रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट मंदिरात येत असे. रात्रभर आपल्या बिछान्यात निजलेले कित्येक सभासद त्या वेळी घरीच होते, आणि मी बोट दाखविले ते याच्याकडे! त्याने मला दुरुत्तर केले नाही. इतकेच सांगितले की, गेल्या आठवड्यात क्षणभर डोळा लागला आणि बोट यंत्रात जाता जाता वाचले.

झोपेचे कर्ज सावकाराच्या कर्जासारखे वाढत जाते. २००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शोधकांनी निरोगी माणसांना चौदा रात्री मोजून झोप दिली, कोणास आठ तास, कोणास सहा, कोणास चार. सहा तास किंवा त्याहून कमी निजणाऱ्यांची सावधता दिवसेंदिवस उतरत गेली व अखेरीस एक-दोन रात्री मुळीच न निजलेल्या माणसाइतकी खालावली. परंतु आपण किती मंदावलो आहो हे त्यांचे त्यांनाच कळेना. लावदिकीया येथील मंडळीला आपले अंधत्व दिसत नव्हते, तशी ही गत होय. म्हणून ‘मला पाच तास पुरतात’ असे जो सांगतो, त्याची साक्ष या बाबतीत धरू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या दारूबंदीच्या शपथा घेतलेल्या मंडळ्यांनी ऐकावी. सतरा तास सलग जागलेल्या मनुष्याची चलाखी इतकी कमी होते की, आपल्या देशात वाहन चालविणाऱ्यास मद्याची जी मर्यादा कायद्याने घातली आहे, ती ओलांडलेल्या मनुष्याशी त्याची तुलना करता येते. थेंबही न शिवलेला बंधू रात्रीच्या भजनाहून फटफटीवर परततो तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, पाळकसाहेब आळशाची बाजू घेतात. नाही. नीतिसूत्रांतील आळशी मनुष्य झोप पुरी झाल्यावर लोळतो. रात्रपाळीचा मजूर झोपेवाचून उभा असतो. मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहून सकाळी डोळे चोळणाऱ्याला मात्र मी या मजुराच्या ओळीत बसविणार नाही. गेथशेमानेचा दाखला मी दिला खरा, पण देहाच्या दुर्बळतेविषयी प्रभू तेथे जे बोलला ते सांगावयाचे विसरलो. तोच प्रभू दिवसभर लोकांस शिकवून झाल्यावर वादळात, होडीच्या वरामावर, उशी घेऊन निजला होता. उत्तनच्या कोळ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

त्रोवस येथे पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, तेव्हा युतुख नावाचा तरुण खिडकीत पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले. रागे भरल्याचे शास्त्रात कोठे नाही. आम्ही उपदेशकांनी हा अध्याय वर्षातून एकदा तरी वाचावा, आणि गावातील प्रार्थनासभा नऊपर्यंत संपवावी. मोठ्या माणसास निदान सात तास झोप लागते, शाळेतल्या लहान मुलांस नऊहून अधिक. जी बहीण सर्वांच्या मागून निजते व पाण्यासाठी पहाटे चारला उठते, तिचे तास तिच्या घरच्या पुरुषांनी एकदा मोजावे, आणि पाणी भरावयास कोणी दुसऱ्याने उठावे.

त्या तरुणाची मी क्षमा मागितली, प्रथम खोलीवर व नंतर मंडळीपुढे. रात्रपाळीवाल्यांसाठी आता रविवारी संध्याकाळी पाचला दुसरी उपासना होते. तो येतो, व कधी शास्त्रपाठही वाचतो. त्याच्या वडिलांस मी पत्र लिहिले. ते रोज दुपारी जेवण आटोपल्यावर, मुलाने प्रार्थना केली की नाही हे विचारावयास त्याला फोन करीत व नकळत झोपेतून उठवीत. आता ते संध्याकाळी सहाला करतात.