सवलतीतला शृंगार आणि समजीविता

अशोक विजयादशमीला नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या ज्या पंधरवड्यात भरू लागतात, त्याच पंधरवड्यात मोबाईलवर मोठमोठे सेल लागतात. 6 ऑक्टोबर 2014 रोजी फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ भरविला. तेव्हापासून दसरा-दिवाळीच्या तोंडावरचा हा बाजार दरवर्षी भरत आला आहे आणि इतर कंपन्याही त्यात उतरल्या आहेत. वऱ्हाडात नेमका हाच काळ सोयाबीन घरात येण्याचा आणि कापसाच्या पहिल्या वेच्याचा. हातात थोडा पैसा खेळतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीच्या आतल्या खेड्यांपर्यंत पार्सले पोचतात. त्यांत कपडे-भांडी असतात, तशी लिपस्टिक, काजळ, फाउंडेशन आणि ब्रशांचे संचही असतात.

वडीलधाऱ्यांना हे खटकते. बाबासाहेबांच्या लेकींनी पुस्तके मागवावीत, तोंडाला रंग कशाला, हा सवाल विहारातील बैठकीत मी अनेकदा ऐकला आहे. मी शाळेत शिकविते, त्यामुळे दुसरी बाजूही रोज कानी येते. नववी-दहावीच्या मुली आपसांत पैसे जमवून एकच मागणी नोंदवितात, म्हणजे घरपोच आणण्याचा खर्च वाचतो. आणि जिच्या घरचे रागावत नाहीत, तिच्या पत्त्यावर पार्सल मागवितात. त्यांचे म्हणणे सरळ आहे : पैसे आमचे, तोंड आमचे. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ‘हे शीलाला सोडून आहे’ असे आपण ज्या सहजतेने म्हणतो, ते म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हे एकदा तपासले पाहिजे.

प्रथम शीलाचेच पाहू. पंचशीलात शृंगाराचा उल्लेखही नाही. माला, गंध, विलेपन, मंडन यांपासून दूर राहण्याचे शील अष्टशीलात सातवे आहे आणि ते उपासक-उपासिकांनी उपोसथाच्या दिवशी स्वखुशीने पाळावयाचे आहे. पौर्णिमेला एक दिवस पाळावयाचे व्रत उरलेल्या दिवसांची बंदी म्हणून मुलींच्या माथी मारणे, हा धम्माचा अर्थ नव्हे. तो आपल्या सोयीचा अर्थ आहे. अंगुत्तर निकायात कोलियांच्या कक्करपत्त गावच्या दीघजाणू नावाच्या गृहस्थाची कथा आहे. तो तथागतांना आपण होऊन सांगतो की, आम्ही मुलाबाळांच्या गर्दीत राहणारे संसारी लोक आहोत, काशीचे चंदन लावतो, माला-गंध-विलेपन धारण करतो, सोने-रुपे हाताळतो. आमच्यासारख्यांना इहलोकी आणि पुढेही हितकर होईल असा धम्म सांगा. तथागतांनी त्याला आधी चंदन पुसून ये असे म्हटले नाही. त्यांनी त्याला गृहस्थाच्या ऐहिक हिताच्या चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत, आणि चौथी समजीविता. तराजू धरणाऱ्याला जसे पारडे इतक्याने खाली गेले, इतक्याने वर गेले हे कळते, तसे आपल्या आयव्ययाचे भान ठेवून जगणे म्हणजे समजीविता. तुटपुंज्या मिळकतीवर थाटाने राहणाऱ्याला तेथे उंबरे खाणाऱ्याची उपमा दिली आहे. झाड गदागदा हलवायचे, ढीगभर फळे पाडायची आणि खायची त्यांतली थोडीच.

उंबराकडे पुन्हा येऊ. त्याआधी आपल्या वडीलधाऱ्यांच्या कठोरपणाचा विचार केला पाहिजे, कारण त्यामागे त्यांना न दिसणारी एक जुनी सावली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि अलंकार लोखंडाचे घालावेत, असे सांगितले आहे. म्हणजे अंगावर काय असावे हा आपल्या लोकांच्या बाबतीत कधी आवडीचा प्रश्न नव्हता. तो हुकूम होता. तो ग्रंथ 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळला गेला. त्याच परिषदेच्या वेळी, 27 डिसेंबरला, बाबासाहेब स्त्रियांसमोर बोलले ते त्यांच्या नेसण्याविषयी आणि दागिन्यांविषयी. गळ्यातल्या गळसऱ्यांचे ओझे आणि कोपरापर्यंतचे चांदी-कथलाचे गोट ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळखखूण आहे, ती टाका. लुगडे वरिष्ठ म्हणविणाऱ्या स्त्रिया नेसतात तसे नेसा. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असा त्या भाषणाचा आशय होता. देशाचा कायदा पुढे लिहिणाऱ्या माणसाला लुगड्याच्या घोळाविषयी बोलणे कमीपणाचे वाटले नाही. त्यांनी स्त्रियांना ‘नटू नका’ असेही सांगितले नाही. दुसऱ्याने लादलेली खूण अंगावर वागवू नका, असे सांगितले.

तेव्हा लोखंडाच्या कड्यातून सुटून एक शतकही पुरते झाले नाही, तोच आपल्याच मुलींना ‘तुला हे शोभत नाही’ असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? ज्या आजीला नवे लुगडे नेसून पाटलाच्या वाड्यावरून जाण्याची भीती वाटे, तिच्या नातीने राजकमल चौकातून ओठ रंगवून जावे, यात मला तरी धम्माची हानी दिसत नाही. (सरकारचाही तराजू मजेशीर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून केसांचे तेल, शाम्पू आणि चेहऱ्याची पावडर यांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 वर आला; लिपस्टिक मात्र 18 वरच राहिली. पावडर गरजेची आणि लिपस्टिक चैनीची, हे ठरविणाऱ्यांत बाया किती होत्या कोण जाणे.)

पण महाडच्या त्या भाषणाला धरूनच मुलींनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. खूण टाकायची म्हणजे नेमके काय टाकायचे? गळसरी टाकता येते. कातडी टाकता येत नाही. नटणे वेगळे आणि लपणे वेगळे. काजळाने डोळा उठून दिसतो तेव्हा तो माझाच डोळा असतो. गोरेपणाची क्रीम लावणारी मुलगी मात्र आरशासमोर बसते ती आपला चेहरा सजवायला नव्हे, तो पुसून दुसऱ्या कुणाचा तरी आणायला. 1975 साली हिंदुस्थान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली. गोरी झाली की नवरा मिळतो, नोकरी मिळते, हे ती वर्षानुवर्षे जाहिरातींतून सांगत राहिली. 2020 साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठला, तेव्हा कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. नाव बदलले, पण ज्या नजरेवर तो धंदा उभा राहिला, ती नजर घरोघर शाबूत आहे. आमच्या शाळेतल्या मुली सेलमधले स्वस्त फाउंडेशन निवडताना स्वतःच्या रंगाहून दोन छटा उजळ निवडतात. सावळ्या रंगाला जुळणारी छटा स्वस्त मालात अनेकदा नसतेच. आणि असली तरी ‘ती कशाला, तशी तर मी आहेच’ असे त्यांतली एक म्हणाली. त्या वाक्याने मला जितके अस्वस्थ केले, तितके कुठल्याही लिपस्टिकने केले नाही.

आणि हे लपणे किती महाग पडते, ते अकोल्यानेच पाहिले आहे. एका ब्यूटिशियनकडून घेतलेली त्वचा उजळणारी क्रीम घरातल्या एका तरुणीने लावायला घेतली. रंग उजळला, लोक वाखाणू लागले, तशी तिची आई आणि बहीणही तीच लावू लागल्या. 2022 सालात तिघींच्याही मूत्रपिंडांना सूज आल्याचे निदान झाले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी क्रीम तपासून घेतली, तेव्हा तीत पारा आढळला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट. जानेवारी 2023 मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली. त्याच सुमारास केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण एकामागून एक दिसू लागले. एका प्रकारच्या 15 रुग्णांपैकी 13 जण अशाच क्रीम लावीत होते. पारा कातडीत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्याकडे 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला असला तरी दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. त्या डबीवर कोण बनविणार, परवाना कोणता, तुकडी कोणती, यांपैकी काही असते, तर ती वस्तू त्या घरात बहुधा शिरलीच नसती.

वडीलधारे म्हणतील, पाहा, आम्ही सांगत नव्हतो? तर त्यांना नम्रपणे विचारावे लागेल की, ती क्रीम त्या घरात कशाने शिरली? मुलीचा रंग पाहून नाक मुरडणारे सोयरे कुणाचे? स्थळ पाहायला जाताना ‘मुलगी सावळी आहे’ हे वाक्य हळू आवाजात बोलणारे आपणच आहोत, आणि त्यांत बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत असलेलेही आहेत.

आता उंबराचे झाड. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘सेल संपायला सतरा मिनिटे’ असे आकडे पडद्यावर धावत असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी फसव्या मांडणीचे 13 प्रकार नियमबाह्य ठरविले, त्यांत खोटी घाई हा एक आहे. तृष्णा ही माणसाच्या मनातली गोष्ट, असे आपण प्रवचनात ऐकतो. येथे ती कारखान्यात तयार होऊन घरपोच मिळते. 199 रुपयांचे काजळ घ्यायला गेलेली मुलगी 499 च्या पुढे घरपोच फुकट म्हणून तीनशेचा माल अधिक घेते आणि चाळीस रुपये वाचविल्याचा आनंद मानते. चोवीस ब्रशांचा संच तीनशेला मिळतो म्हणून येतो. एका चेहऱ्याला तीन ब्रश पुरतात, उरलेले एकवीस धूळ खातात. डोळ्याला लावायचा मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिन्यांत टाकून द्यावा लागतो. सेलमध्ये तीन घेऊन तिन्ही एकदम उघडले तर दोन वायाच जातात. दुकानात दिवसभर उभी राहून महिन्याला आठ हजार मिळविणाऱ्या मुलीने अशा सेलमध्ये दोन हजार घातले, तर ती आठवडाभर फुकट उभी राहिली. तिने लिपस्टिक घेतली म्हणून मला वाईट वाटत नाही. ती एक आठवडा कुणासाठी उभी राहिली याचे वाटते. तीनशे रुपयांची आवडती छटा विचारपूर्वक घेऊन ती संपेपर्यंत वापरणारी मुलगी दीघजाणूच्या पंक्तीत बसते, मग ती सेलमध्ये घेवो की टिळक रोडवरच्या दुकानात.

ब्रशाविषयी थोडे. पहिल्या शीलाची आठवण ठेवणाऱ्यांनी केस कशाचे आहेत ते वाचावे. बकरीच्या केसांचे ब्रश असतात, नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचेही असतात, आणि स्वस्त संच बहुधा कृत्रिम तंतूंचेच असतात. म्हणजे येथे स्वस्ताई आणि करुणा एका बाजूला येतात. असे क्वचितच घडते. प्राण्यांवर प्रसाधनांच्या चाचण्या करण्यास भारतात 2014 सालीच बंदी आली आहे. मात्र चार मैत्रिणींनी मिळून घेतलेला ब्रश चौघींनी वापरू नये, काजळाची कांडी तर नाहीच. डोळे येण्याची साथ शाळेत कशी पसरते, ते आम्ही शिक्षक दर पावसाळ्यात पाहतो.

सर्वांत अवघड गोष्ट मी शेवटी ठेवली आहे, कारण तिच्यावर मला पुरते उत्तर सापडलेले नाही. डोळ्यांवर लावायच्या रंगाची, गालावरच्या हायलायटरची जी चमक असते, ती पुष्कळदा अभ्रकाची असते. अभ्रक झारखंडातील कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या पट्ट्यातून येते. 1980 च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तिथल्या अनेक अधिकृत खाणी बंद पडल्या. माणसे मात्र राहिली. गरीब कुटुंबे, त्यांत आदिवासी आणि दलित पुष्कळ, सोडून दिलेल्या खाणींतून अभ्रकाचे तुकडे वेचतात. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. लहान मुले अरुंद बिळांत शिरू शकतात म्हणून त्यांना उतरवितात. 2016 साली थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा दोन महिन्यांत किमान सात मुले दगावल्याचे आणि ती प्रकरणे दाबली गेल्याचे उघडकीस आले. त्यानंतर 2017 मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन जबाबदार अभ्रकासाठी संस्था काढली; पण दीडशे रुपयांच्या रंगपेटीमागे कोण उभे आहे, हे विकत घेणाऱ्याला आजही कळत नाही. शंभरांतले साठ रुपये सूट मिळते, तेव्हा ते साठ रुपये कुणीतरी सोसलेले असतात. ते कंपनीने सोसले असतील, किंवा गिरिडीहच्या एखाद्या पोराने. आणि ते पोर आपलेच असते, जातीने नाही तरी दैन्याने.

मुलींना मी इतकेच दाखविते की, डबीच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. तीत ‘मायका’ किंवा ‘सीआय 77019’ असे असेल तर ते अभ्रक. ‘सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट’ असेल तर ते प्रयोगशाळेत तयार केलेले, खाणीतले नव्हे. गेल्या आठवड्यात नववीतल्या दोघी भिंग घेऊन बसल्या होत्या. एकीच्या पेटीत पहिले नाव निघाले, दुसरीच्या पेटीवर यादीच नव्हती.