मागाचा माग

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात शिरले की खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही, खुणांवर काम चालते. ज्या यंत्रावर हे काम चालते त्याला मराठी कामगार ‘माग’ म्हणतो, अक्कलकोटकडचा कानडी ‘मग्ग’ म्हणतो आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरातली आजी ‘मग्गम’. धोटा तोच, कांडी तीच, खाली उतरणारी चादरही तीच. याच शहरातल्या बुद्धविहारांत अष्टांगिक मार्गाचे पाली नाव घेतले जाते, तेव्हाही शब्द येतो ‘मग्ग’. तिथे त्याचा अर्थ वाट.

मराठीत दोन्ही ‘मग्ग’ झिजून ‘माग’ झाले. पोलीस चोराचा माग काढतात, मूल आईकडे खाऊ मागते आणि विणकर मागावर बसतो. यातले पहिले दोघे नात्यातले आहेत. संस्कृतात शोधणे या अर्थाचा ‘मृग्’ धातू आहे. मार्ग आणि मार्गण ही त्याच घरातली मंडळी, आणि ज्याचा माग काढायचा तो मृगही तिथलाच. विणकराचा माग मात्र या गोतावळ्यात बसत नाही. कानडी मग्ग आणि तेलुगू मग्गम शेजारी ठेवले की त्याचे खरे घराणे दिसते. मग ‘माग’ हा शब्द एक मानायचा की दोन?

आजचा कोशकार दोन नोंदी करून मोकळा होतो. आपल्या जुन्या दर्शनकारांना मात्र हे इतके सोपे नव्हते, कारण त्यांच्यासाठी हा प्रश्न थेट धर्माचा होता. मीमांसकांच्या मते धर्म कळतो तो वेदवाक्यांतून. त्या वाक्यातला शब्दच दोन अर्थांवर डगमगू लागला तर आहुती कशाची द्यायची? ‘यव’ म्हणजे सातू असे काही म्हणत, काही दुसरेच धान्य सांगत. म्हणून एका शब्दाला अनेक अर्थ देणे हा मीमांसकांना अगदी नाइलाजाचा उपाय वाटे. भर्तृहरीने वाक्यपदीयात, साधारण पाचव्या शतकात, दोन्ही पक्ष मांडून ठेवले: शब्द एकच आणि अर्थ अनेक, हा एक पक्ष, जितके अर्थ तितके शब्द, केवळ आवाज सारखा, हा दुसरा. त्याहून उपयोगाची त्याची यादी आहे. शेजारचा शब्द, प्रसंग, जागा, वेळ अशा कोणकोणत्या आधारांनी ऐकणारा नेमका अर्थ उचलतो, ते तो सांगतो. जेवताना ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ यावे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा, हे त्याचे परंपरेतले ठरलेले उदाहरण.

नैयायिकांची नजर वेगळी, काहीशी वकिली. दोन अर्थांचा गैरफायदा घेणाऱ्याला त्यांनी वादातला लबाड ठरवले आणि त्या लबाडीला वाक्छल असे नाव दिले. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातले उदाहरण सोलापूरकरांनी आपलेच मानावे असे आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे त्याच्याकडे नवी घोंगडी आहे. प्रतिपक्षी मुद्दाम ‘नव’ म्हणजे नऊ असे धरतो आणि विचारतो, याच्याकडे तर एकच, नऊ कुठे आहेत? सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत असा प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा मिळेल, सवलत मिळणार नाही.

पण मागाच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे कुमारिल भट्ट. सातव्या शतकाच्या सुमाराचा हा कट्टर वेदवादी, बौद्धांचा कडवा विरोधक. तंत्रवार्त्तिकात तो एका अडचणीशी थांबतो. वेदात ‘पिक’, ‘तामरस’ असे शब्द येतात. आर्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नाही, म्लेंच्छांना ठाऊक आहे. व्याकरणातून ओढूनताणून व्युत्पत्ती काढायची की म्लेंच्छांना विचारायचे? उत्तर मिळते: विचारायचे. पिक म्हणजे कोकीळ, तामरस म्हणजे कमळ. याच चर्चेत द्राविडी बोलीतले शब्द येतात. तिथे ‘चोर’ म्हणजे भात, ‘पाप’ म्हणजे साप, ‘वैर’ म्हणजे पोट. संस्कृत पंडित हे शब्द ऐकतात, त्यांना आपले प्रत्यय चिकटवतात आणि आवाजाच्या साम्यावर अर्थ उभा करतात, यावर कुमारिल झोड उठवतो. द्राविडीची ही गत, तर पारसिक, यवन, रोमक भाषांचे हे लोक काय करतील, असेही तो विचारतो. मागाला मार्गाशी जोडणाऱ्या पंडितालाही त्याने पूर्व भागातल्या त्या आजीकडेच पाठवले असते.

आवाजाच्या साम्यावरून होणारी ही घसरण एकट्या संस्कृतची नव्हे. कोरियन भाषेत ‘बे’ म्हणजे होडी, पोट आणि नाशपतीसुद्धा. ‘सागवा’ म्हणजे सफरचंद आणि क्षमायाचनाही. चिनी लिपीत मात्र दोघांची अक्षरे निराळी. चिनी शब्द हजारोंनी कोरियात गेले, चिनी सूर गेले नाहीत, म्हणून सुरांनी वेगळे ओळखू येणारे शब्द एकाच आवाजात येऊन बसले. 1446 मध्ये राजा सेजोंगने जाहीर केलेली लिपी आवाज लिहिते, त्यामुळे लेखनातही ते जुळे राहिले. बौद्ध अष्टांगिक मार्गाच्या कोरियन नावात ‘वाट’ या अर्थाचे अक्षर आहे ‘दो’. बेटालाही ‘दो’ आणि प्रांतालाही ‘दो’, त्यामुळे जेजुदो म्हणजे जेजू बेट की जेजू प्रांत, हे संदर्भावरून ओळखायचे. मग्गाची ही खोड वाट चुकवत कोरियातही पोचली, म्हणायला हरकत नाही.

सगळेच अनेकार्थी शब्द असे योगायोगाचे नसतात. ‘लिंग’ घ्या. न्यायशास्त्रात धूर हे अग्नीचे लिंग, व्याकरणात पुल्लिंग-स्त्रीलिंग, आणि बाराव्या शतकातल्या संत सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती स्थापन केली अशी श्रद्धा आहे ती 68 लिंगे. खूण हा मूळ अर्थ धरला की या तिन्ही वाटा एकाच गावातून निघालेल्या दिसतात. संक्रांतीच्या यात्रेत या लिंगांना जे तेलस्नान घालतात त्याचे नाव ‘यण्णीमज्जन’: कानडी तेल, संस्कृत स्नान. यात्रेला लोक ‘गड्डा’ म्हणतात. मराठी कानाला त्यात कोबी-लसूण दिसतो, हिंदी पाहुण्याला खड्डा, आणि कानडी ‘गड्ड’ म्हणजे दाढी. पाळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्याला यातले काहीच आठवत नाही.

कुमारिलाचा नियम अर्थापुरता चालतो, उगमापुरता नाही. सोलापूरच्या माणसाला गावाचे नाव विचारले तर तो सांगेल, सोळा गावे मिळून झाले ते सोलापूर. बोलणाऱ्यालाच विचारले, नियम पाळला, तरी फसगत होते. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातल्या शिलालेखांत हे गाव ‘सोन्नलगे’ आहे, सिद्धरामेश्वरही कानडीत सोन्नलिगेचे सिद्धराम. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके 1238च्या लेखात ‘सोनलीपूर’ येते, किल्ल्यातल्या लेखांत ‘सोनलपूर’ आणि ‘संदलपूर’. सोळाचा आकडा मागाहून कानाला सापडला. त्या सोळा गावांची जी यादी छापली जाते, तिच्यात सोनलगी आहे, संदलपूर आहे, आणि खुद्द सोलापूरही आहे.