जठरावरची पट्टी आणि संयमाचा प्रश्न

अतिस्थूल माणसाच्या जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकोनची पट्टी बसवून, त्वचेखालच्या लहानशा कुपीत सुईने क्षारजल भरून ती हवी तेवढी आवळण्याची जी शस्त्रक्रिया बेल्जियममध्ये मितिकू बेलाच्यू यांनी १९९३ साली दुर्बिणीच्या साहाय्याने केली, आणि जिच्या पट्टीस अमेरिकी सरकारने २००१ साली मंजुरी दिली, तिच्याविरुद्ध सज्जनांची एक हरकत ऐकू येते : जो निग्रह मनाने करावयाचा, तो शल्यविशारदाकडून विकत घेणे हा धर्म नव्हे.

ही हरकत सात्त्विक दिसते. पण स्थूलता हा केवळ जिभेचा गुन्हा, असे तिने चौकशीवाचून गृहीत धरले आहे. चरकाने अतिस्थूलाची गणना निंदितांत केली हे खरे; तथापि कारणे सांगताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्या पंक्तीला त्याने बीजस्वभावही बसविला, आणि बीज काही कोणी स्वतः निवडून आणीत नाही. शिवाय बंधन बाहेरून आले म्हणून त्याचे पुण्य उणावत असेल, तर पंचांगाने नेमून दिलेल्या तिथीस उपवास करणाऱ्यांचे काय? (एकादशी आणि दुप्पट खाशी, हा अनुभव पदरी असलेल्या समाजाने तरी या बाबतीत जपून बोलावे.) स्वतःच्या दुर्बलतेची जाणीव ठेवून स्वतःवर बंदोबस्त बसवून घेणे, हाही संकल्पच आहे.

हा बंदोबस्त टिकतो किती, हा प्रश्न मात्र निराळा. जठर वा आतडे कापावे लागत नसल्याने या शस्त्रक्रियेत मृत्यू अत्यंत विरळा. आणि ऑस्ट्रेलियात नुकताच मधुमेह जडलेल्या ६० स्थूल रुग्णांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दोन वर्षांनंतर पट्टीवाल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह ओसरला, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी अवघ्या १३ टक्क्यांचा. परंतु स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात दहा वर्षांनी पट्टीने उतरलेले वजन सुमारे १४ टक्के भरले, आणि अन्नाचा मार्गच वळविणाऱ्या बायपासने उतरलेले २५ टक्के. पट्टी सरकते, जठराची भिंत कुरतडून आत शिरते, अन्ननलिका फुगते. पुष्कळांना पुन्हा शस्त्रक्रिया करून ती काढून टाकावी लागते. म्हणूनच आज बहुतेक शल्यविशारदांनी तिचा नाद सोडला आहे.

निराहाराने विषय दूर होतात, गोडी मात्र मागे उरते, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील निरीक्षण येथे अक्षरशः प्रत्ययास येते. पट्टी भाकरीचा घास अडविते, बासुंदीला मात्र निर्वेध वाट देते. तिचा अंमल मुख्यतः परिमाणावर, वासनेवर फारसा नाही. उलट बायपासनंतर आतड्यांतील संप्रेरके पालटतात आणि भूकच मंदावते. म्हणजे जो मुलूख आपण मनाचा समजत होतो, तेथे आतड्यांचेही फर्मान चालते. संयमाचे मोल यामुळे नाहीसे होत नाही. पण ज्याला निसर्गानेच माफक भूक दिली, त्याने आपल्या सडपातळपणाची तपश्चर्येत नोंद करू नये, एवढे खास.

पट्टी बसविण्यापूर्वी ही सारी कैफियत रुग्णापुढे मांडणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. आणि ज्यांनी ती बसवून घेतली आहे, त्यांनी वारंवार उलटी होत असल्यास किंवा घास उतरत नसल्यास, तो आपल्याच अविवेकाचा दंड समजून लाजेने सोसत बसू नये. तत्काळ शल्यविशारदाकडे जावे.