बरोबर काय न्यावे?

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. काशीला निघा की कोकणात, शेजारच्या काकू सुपारीच्या डबीपासून अमृतांजनाच्या बाटलीपर्यंत सारे काही आठवण करून देतात. पण एक प्रवास असा आहे की, त्याच्या सामानाविषयी बोलताना या काकूंचाही आवाज जरा खाली येतो. तो म्हणजे शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात जाण्याचा. अंतर रिक्षाने वीस मिनिटांचे, मुक्काम दोन-तीन रात्रींचा. पण तेवढ्यासाठी पिशवी भरताना माणूस जेवढा विचार करतो, तेवढा बद्री-केदारला जातानाही करीत नसेल.

गेल्या श्रावणात माझ्यावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तशी साधीच. आदल्या दिवशी आमच्या पलंगावर सामानाचे दोन ढीग तयार झाले. एक इस्पितळाने दिलेल्या छापील यादीप्रमाणे: जुने रिपोर्ट, चालू असलेली औषधे त्यांच्या पाकिटांसकट, आधार कार्ड, विम्याचे कागद, पुढून उघडणारे सैल कपडे, न घसरणाऱ्या सपाता, चष्म्याची आणि कवळीची डबी. दुसरा ढीग आमच्या सौभाग्यवतींच्या मनातल्या यादीप्रमाणे: थर्मास, दोन वाट्या, दोन चमचे, जादा टॉवेल, मेतकुटाची बरणी, अंगाऱ्याची पुडी, आणि तिच्या आईच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. पहिला ढीग लहान होता, दुसरा मोठा. आवश्यक कोणता आणि अनावश्यक कोणता, असा प्रश्न कोणी विचारला असता तर उत्तर सोपे वाटले असते. पण आवश्यक म्हणजे कोणाला आवश्यक? या एका शब्दापाशी मी अडलो, आणि अजून थोडासा अडलेलाच आहे.

सुश्रुतसंहितेत ‘अग्रोपहरणीय’ नावाचा एक अध्याय आहे. अग्रोपहरणीय म्हणजे आधी आणून ठेवायच्या वस्तूंविषयीचा. शस्त्रकर्मापूर्वी वैद्याने काय काय जमवावे, याची त्यात यादी दिली आहे. यंत्रे, शस्त्रे, जळवा, कापूस, दोरा, मध, तूप, थंड आणि गरम पाणी, एवढेच काय, वारा घालायचा पंखासुद्धा. गंमत अशी की, याच यादीच्या शेवटी माणसे येतात. जवळ राहणारे परिचारक कसे असावेत? स्निग्ध, स्थिर आणि बलवान. बलवान का, ते समजते. त्या काळी रोग्याला मद्य पाजून जी बधिरता येईल तेवढ्यावरच भागवायचे. शस्त्र चालू असताना त्याला धरून ठेवणारी भक्कम माणसे हवीतच. 1846 साली बॉस्टनमध्ये ईथरचा प्रयोग चारचौघांसमोर यशस्वी झाला, आणि तेव्हापासून हळूहळू त्या बलवानांचे काम संपले. आज रोग्याला कोणी दाबून धरीत नाही. पण यादीत बलवानाच्याही आधी जो ‘स्निग्ध’ आहे, त्याचे काम संपले का? ईथरने त्याची जागा घेतली असे मला तरी वाटत नाही.

चरकाने रोग्याच्याही पदरी चार गुण मागितले आहेत. त्याला स्मरण असावे. त्याने सांगितलेले पाळावे. तो भित्रा नसावा. आणि आपला आजार त्याला नीट सांगता यावा. पहिले दोन मी कसेबसे गोळा केले. स्मरणासाठी कागदावर औषधांची नावे लिहिली, आणि भूल द्यायच्या आधी किती तास खायचे नाही नि किती तास पाणीही प्यायचे नाही, ते पाळायचे ठरवले. चौथाही जमला. अडचण होती ती तिसऱ्याची.

न भिणे म्हणजे काय? आपल्याकडे समजूत अशी की, कर्त्या माणसाने भीती घरच्यांना दिसू देऊ नये. हसतमुखाने रिक्षात बसावे, ‘दोन दिवसांत येतो’ म्हणावे. यात प्रेम आहे, हे मला मान्य आहे. पण यात थोडा अन्यायही आहे. ज्या घरात एकाने भीती लपवली, त्या घरात इतरांनाही ती लपवावीच लागते. मग ती भलत्याच वाटेने बाहेर पडते. कुणाच्या बोलण्यातून, कुणाच्या चिडण्यातून, तर कुणाच्या मेतकुटाच्या बरणीतून! चरकाने ‘भित्रा नसावा’ याच्या शेजारीच ‘सांगता यावे’ हे ठेवले आहे, ते मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. भीती सांगता येणे हाही न भिण्याचाच एक प्रकार असावा.

म्हणून त्या संध्याकाळी मी तिला बँकेची पुस्तके आणि विम्याची पॉलिसी कोणत्या खणात आहे ते सांगितले. थोडी भीती वाटते, हेही सांगितले.

“अहो, दिवेलागणीच्या वेळी हे काय बोलणं!” ती म्हणाली, आणि गोधडीची घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे न बघताच तिने विचारले, “आणि लॉकरची किल्ली?”

चाळीस वर्षांच्या संसारात याहून मोकळे बोलणे आम्ही फारसे केलेले नाही.

भीती सांगून झाली की मग विश्वासाची पाळी येते. गांधीजींनी 1909 साली ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर कठोर टीका केली होती. पुढे येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना अपेंडिसायटिस झाला, आणि 12 जानेवारी 1924 च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यविशारदाने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली. कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. ज्या सरकारने बंदीत टाकले, त्याच सरकारच्या सर्जनच्या हाती देह सोपवायचा! अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या त्या माणसाने त्या रात्री बरोबर नेण्यासारखे एकच होते, आणि ते म्हणजे समोरच्या माणसावरचा विश्वास.

मात्र विश्वास म्हणजे डोळे मिटून अंगठा देणे नव्हे. एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती ही दुसऱ्या, वेगळ्या शस्त्रक्रियेची संमती होत नाही, तातडीचा प्रसंग तेवढा अपवाद, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केले आहे. तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नाही. ज्याच्यावर विश्वास टाकायचा, त्यालाच तर माणूस प्रश्न विचारतो.

शस्त्रक्रियेच्या खोलीत जाताना चष्मा काढतात, कवळी काढतात, अंगठी तर घरीच ठेवायला सांगितलेली असते. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा, म्हणून बायकांच्या नखांचा रंगसुद्धा पुसतात. असे सगळे काढून घेतल्यावर मग विचारतात, “तुमचे नाव काय? शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची?” चूक होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या तपासणी-यादीतही ती आहे. पण त्या क्षणी मला वाटले, जवळ नावाखेरीज काही उरलेले नसताना कोणी ते नाव विचारावे, यातही एक धीर आहे.

आता त्या दुसऱ्या ढिगाविषयी. माझ्या शेजारच्या खाटेवर एक रखवालदार होते. गाव लांब, इथे कोणी नाही. सामान म्हणजे औषधांच्या दुकानाची एक पिशवी, आणि तीत सगळे कागद. छापील यादीप्रमाणे त्यांच्याजवळ जवळजवळ सारे होते. नव्हती ती पाणी प्यायला वाटी आणि अंग पुसायला टॉवेल. आमची दुसरी वाटी, दुसरा चमचा आणि जादा टॉवेल तिकडे गेला. डॉक्टरांनी मऊ भाताची परवानगी दिल्यावर, त्यांना विचारून, मेतकूटही गेले. ‘दोन चमचे कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर त्या खाटेवर होते.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणावर असा प्रसंग आलाच, तर कागद आणि कपडे छापील यादीप्रमाणे घ्या. त्यात कसूर नको. सोने घरी ठेवा. भीती वाटत असेल तर ती आदल्या रात्रीच कोणाजवळ तरी बोलून ठेवा. आणि घरचे माणूस पिशवीत एखादी वस्तू जास्तीची घालत असेल, तर घालू द्या. ऐन दिवाळीत आपण चकल्या करतो, त्या काही आपल्या पोटापुरत्या मोजून करीत नाही. चार ताटे शेजारी जाणार, हे आपण धरूनच चालतो. इस्पितळातही शेजार असतोच.