नाद, अनुमान आणि ठेवा

भूमीत दडलेल्या धनाचा दृष्टांत भारतीय तत्त्वचिंतनात फार जुना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात तो येतो तेव्हा असे म्हटले जाते की, ज्याला क्षेत्राचे, म्हणजे जमिनीच्या पोटाचे ज्ञान नाही, असा मनुष्य पुरलेल्या सुवर्णनिधीवरून वारंवार ये-जा करतो आणि तरी तो निधी त्याला लाभत नाही. त्याचप्रमाणे सर्व प्राणी नित्य ब्रह्मलोकी जातात, पण त्याला ओळखत नाहीत. या दृष्टांतात उणीव धनाची नाही आणि अंतराचीही नाही, ती केवळ जाणण्याची आहे. पायाखालच्या धातूची चाहूल देणारी यंत्रे विकत मिळू लागल्यावर या जुन्या दृष्टांतासमोर एक नवा प्रश्न उभा राहतो. जाणण्याचे साधन अधिक तीव्र झाले, तर त्यामुळे जाणणे अधिक खरे होते काय?

हा प्रश्न जालना जिल्ह्यात विचारण्याला विशेष औचित्य आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि त्यांच्या दासबोधातील सहाव्या दशकाचा ‘सारशोधन’ नावाचा नववा समास गुप्त धनाच्याच दृष्टांताने सुरू होतो: चाकरमाणसांना बाहेरचे तेवढे दिसते, धन ठेवून त्यावर पाणी सोडले तर लोक त्याला तळे समजतात, आणि आत काय आहे हे जाणत्यालाच कळते. याच जिल्ह्याच्या शहराला ‘जालना सोने का पालना’ ही म्हण चिकटली आहे. मात्र त्या म्हणीतले सोने पेठेतल्या व्यापाराचे आहे, खाणीतले नव्हे. जिल्ह्याची जमीन दख्खनच्या बेसाल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या खडकाची आहे, आणि कर्नाटकातील कोलार किंवा हट्टी येथे ज्या प्राचीन खडकांत सोने सापडते त्यांच्याशी तिचे नाते नाही.

सोने शोधणाऱ्या यंत्राचे खरे इंद्रिय म्हणजे त्याची कॉइल, अर्थात दांड्याच्या टोकाशी बसवलेली, आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असलेली तबकडी. या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते, त्यामुळे तेथील धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र कॉइलमध्ये परत टिपले जाऊन त्याचा ध्वनी होतो. यंत्रासोबत आलेली कॉइल काढून दुसऱ्या कारखान्याची कॉइल जोडण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील सुवर्णशोधकांत चांगलीच रुळली असून, व्हिक्टोरिया राज्यातील कॉइलटेकसारख्या कंपन्या याच कामासाठी ओळखल्या जातात. या बदलात कोणतीही कॉइल सर्वांगाने श्रेष्ठ ठरत नाही, ही गोष्ट तत्त्वचिंतकाने लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. मोठ्या व्यासाच्या कॉइलला खोलवरचा मोठा गोळा कळतो, पण बारीक कण तिच्या हातून निसटतो आणि जमिनीचा गोंगाटही ती अधिक ओढून घेते. लहान कॉइलला कण कळतो, खोली कळत नाही. इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर किंचित चढवून केलेली ‘डबल डी’ कॉइल खनिजयुक्त जमिनीत शांत राहते, पण त्यासाठी थोडी खोली सोडून देते. म्हणजे इंद्रिय बदलले की दिसणारे जगही बदलते, आणि प्रत्येक लाभाबरोबर एक आंधळेपण येते.

मात्र अत्यंत उत्तम कॉइलही सोने दाखवत नाही. ती केवळ आवाज ऐकवते. न्यायदर्शनाच्या भाषेत हे सोन्याचे प्रत्यक्ष नसून अनुमान आहे, म्हणजे धुरावरून अग्नी ओळखावा तसे खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूचे ज्ञान आहे. अनुमान टिकते ते व्याप्तीवर, म्हणजे खूण आणि वस्तू यांच्या अखंड साहचर्यावर, आणि नेमके तेच येथे मोडते. खिळा वाजतो, नालेचा तुकडा वाजतो, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे असल्याने कधी नुसता दगडही वाजतो. साध्य, म्हणजे सिद्ध करायची वस्तू, नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला, म्हणजे खुणेला, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, ‘सव्यभिचार’ म्हणतात आणि त्याची गणना हेत्वाभासांत, म्हणजे कारणासारख्या दिसणाऱ्या फसव्या खुणांत करतात. जालन्याच्या काळ्या जमिनीवर अधिक तीव्र कॉइल लावली, तर ती हे फसवे आवाजही तितक्याच निष्ठेने वाढवून देईल. दोष दूर करण्याचे काम शक्तीचे नाही, विवेकाचे आहे.

मग ज्ञान खरे की खोटे, हे कळावे कसे? मीमांसकांच्या, म्हणजे मीमांसादर्शनाच्या अनुयायांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच असते. नैयायिकांनी मात्र परतःप्रामाण्य मानले, म्हणजे ज्ञानाची सत्यता त्याच्या बाहेरून, त्याला अनुसरून केलेल्या कृतीच्या यशावरून ठरते असे सांगितले. दुरून दिसलेले पाणी खरे की मृगजळ, याचा निवाडा तहान भागल्यावरच होतो. सुवर्णशोधकाचे फावडे हेच काम करते, आणि या एका बाबतीत तो प्रामाणिक नैयायिक असतो. १९८० साली व्हिक्टोरियातील किंगोवर येथे अशाच यंत्राने सुमारे सत्तावीस किलोचा सोन्याचा गोळा सापडला आणि त्याला ‘श्रद्धेचा हात’ या अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले. श्रद्धेने माणूस शोधाला उतरला असेल, पण तो गोळा सोन्याचा ठरला तो खणल्यानंतर. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीतही पुरलेल्या ठेव्यासाठी विश्वसनीय माणसाचा शब्द, खणणे आणि वरचे दगड बाजूला करणे या सर्वांची गरज सांगितली आहे. नुसती हाक मारून ठेवा वर येत नाही.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील गुप्तधनाची दुसरी परंपरा या कसोटीवर तपासली पाहिजे. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, त्यावर नाग पहारा देतो, आणि बळी दिल्याशिवाय ते हाती येत नाही, अशी ही समजूत आहे. तिचा खरा दोष तिच्यात यंत्र नाही हा नव्हे. खड्डा रिकामा निघाला तरी ती कधीच खोटी ठरत नाही, हा आहे. विधीत चूक झाली, धन सरकले, आणखी बळी हवा, असे प्रत्येक अपयशाचे उत्तर तिच्यापाशी तयार असते, आणि त्या उत्तराची किंमत बहुतेक वेळा घरातील सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल केली जाते. समर्थांच्या सारशोधनाचा आधार या क्रौर्याला देता येत नाही, कारण तेथे शोध साराचा आहे आणि त्याचे साधन विचार आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट समावेश झाला, हे धर्मावरचे आक्रमण नव्हते. धर्माच्या नावाने चाललेल्या अप्रामाण्याला घातलेला तो बांध होता.

जाणले म्हणजे मालकी आली, ही आणखी एक समजूत तपासायची राहतेच. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा ती मान्य करत नाही: जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू ज्याला सापडेल, त्याने तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवली पाहिजे.